वाऱ्याकडे तोंड कर, उजवा हात पसर

आमच्या गिरगावच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहायचे. दारावर त्यांच्या नावाची पाटी होती, पण ती वाचायची वेळ कुणावर कधी आली नाही. सगळी चाळ त्यांना 'बोटीवरचे काका' म्हणायची. सहा-सहा महिने मोठ्या मालवाहू बोटीवर, मग दोन-तीन महिने घरी. घरी असले की गॅलरीत आरामखुर्ची टाकायची, चहाचा कप कठड्यावर ठेवायचा आणि दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलांकडे टक लावून बसायचं. अख्खं जग बघून आलेला माणूस टॉवेलांत काय बघतो, हे आम्हा पोरांना मोठंच कोडं होतं.

एकदा मी धीर करून विचारलंच.

"वारा कुठनं येतोय ते बघतोय," काका म्हणाले. "सवय लागलीय रे. ये इकडे. वाऱ्याकडे तोंड कर. केलंस? आता उजवा हात बाजूला पसर. समुद्रात चक्रीवादळ असलं ना, तर त्याचं पोट तुझ्या ह्या हाताच्या बाजूला असतं."

मला वाटलं, काका थट्टा करतायत. न बघता, रेडिओ न ऐकता, नुसता हात पसरून वादळ कसं सापडेल? हातात काय होकायंत्र आहे?

त्यानंतर बरीच वर्षं गेली. काका चाळ सोडून गेले, मी केस पिकवले. आणि १७ मे २०२१ ला तौक्ते नावाचं चक्रीवादळ मुंबईच्या शेजारून गेलं. (तौक्ते हे नाव म्यानमारने सुचवलेलं. अर्थ? एक प्रकारची पाल! भिंतीवर चुकचुकते ती नव्हे, तिची दांडगी बहीण.)

आमची गॅलरी दक्षिणेकडे उघडते. त्या दिवशी बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, म्हणून मी आपला दाराच्या आत उभा राहून बघत होतो. सकाळी पाऊस डावीकडून तिरपा येत होता, म्हणजे आग्नेयेकडून. दुपारी समोरून, थेट दक्षिणेकडून आदळायला लागला. संध्याकाळी तो उजवीकडे सरकला, नैर्ऋत्येकडे. मला काका आठवले. मी दारातच वाऱ्याकडे तोंड करून उजवा हात पसरला आणि डाव्या हाताने मोबाइलवर नकाशा उघडला. सकाळच्या वाऱ्यावरून हात दाखवत होता नैर्ऋत्य, आणि वादळ होतं मुंबईच्या नैर्ऋत्येला. दुपारी हात पश्चिमेला, वादळही पश्चिमेला. संध्याकाळी हात वायव्येला, आणि वादळ गुजरातकडे निघालेलं, म्हणजे वायव्येलाच. घरच्यांना वाटलं, म्हातारा कवायत करतोय.

आता हे असं का होतं ते बघू. लालबागच्या राजाची विसर्जनाची मिरवणूक तुम्ही पाहिली असेलच. मिरवणूक स्वतः किती हळू सरकते! लालबागहून गिरगाव चौपाटीला पोचायला तिला वीस तासांहून जास्त लागतात. पण तिच्यात एखादं लेझीम पथक गोल रिंगण करून खेळत असतं ना, ते गरगर फिरत असतं. चक्रीवादळाचं तसंच आहे. अख्खं वादळ पुढे सरकतं ताशी साधारण पंधरा-वीस किलोमीटरने, म्हणजे सायकलच्या वेगाने. पण त्याच्या रिंगणातला वारा धावतो ताशी शंभर, दीडशे किलोमीटरने. तौक्तेचा तर १८०च्या घरात गेला होता.

रिंगणाच्या मधोमध हवेचा दाब कमी असतो. आजूबाजूची हवा तिकडे धाव घेते. ती सरळ मध्यावर गेली असती तर खेळ तिथेच संपला असता. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरतेय ना! त्यामुळे आपल्या उत्तर गोलार्धात धावणारी हवा उजवीकडे ढळते. मध्याकडे जायचं आणि उजवीकडे ढळायचं, ह्या ओढाताणीत ती मध्याभोवती फिरायला लागते, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. कागदावर एक गोल काढा. त्यावर काट्यांच्या उलट दिशेने बाण काढा. गोलावर कुठेही एक मुंगी बसली आहे समजा. तिचं तोंड येणाऱ्या बाणाकडे करा. मुंगीच्या उजव्या बाजूला काय येतं? गोलाचा मध्य! काका थट्टा करत नव्हते.

हवा थोडी आतही ओढली जात असते, म्हणून मध्य अगदी काटकोनात नसतो, उजव्या हाताच्या जरासा मागे असतो. बोटीवरचे लोक तेवढा हिशेब धरतात. हाच नियम पाठ फिरवूनही सांगता येतो: वाऱ्याकडे पाठ करा, मध्य डाव्या हाताला. बाइस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने तो १८५७ मध्ये मांडला आणि जगभरच्या बोटींवर तो त्याच्याच नावाने ओळखतात.

पण बोटीवाल्यांना त्याच्याही आधी मदत मिळाली होती ती आपल्याच देशातून. कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा एक इंग्रज होता. वादळात सापडून परतलेल्या बोटींच्या नोंदवह्या जमवायच्या, कुठल्या बोटीला किती वाजता कुठल्या दिशेचा वारा लागला ते नकाशावर मांडायचं, असला त्याचा छंद. त्यावरून त्याने खलाशांसाठी एक पुस्तक लिहिलं, १८४८ मध्ये. 'सायक्लोन' हा शब्द त्यानेच रूढ केला. ग्रीक भाषेतल्या, सापाच्या वेटोळ्यावरून घेतलेल्या शब्दावरून. त्या पुस्तकासोबत गंमत काय होती माहीत आहे? जनावराच्या शिंगापासून केलेल्या पातळ, आरपार दिसणाऱ्या चकत्या. प्लास्टिक तेव्हा कुठलं? त्या चकतीवर वादळाचं रिंगण आणि वाऱ्याचे बाण काढलेले असत. कप्तानाने चकती नकाशावर ठेवायची आणि आपल्या बोटीवरचा वारा नि चकतीवरचा बाण जुळेपर्यंत सरकवायची. जुळलं, की चकतीचा मध्य म्हणजे वादळाचा मध्य. बॅटरी नाही, सिग्नल नाही, रेंज नाही!

ही चकती आपण करणार आहोत, पण शेवटी. आधी एक महत्त्वाची भानगड सोडवू.

वादळाचे दोन अर्धे असतात, आणि ते सारखे नसतात. दादरला लोकलमध्ये चढून डब्यातल्या डब्यात पुढच्या दिशेने चालायला लागलात, तर रुळाशेजारच्या माणसाला तुम्ही गाडीपेक्षा थोडे जास्त वेगाने जाताना दिसाल. मागच्या दिशेने चाललात तर थोडे कमी. वादळाचं तसंच. वादळ जिकडे निघालंय तिकडे तोंड केलं, तर उजवीकडच्या अर्ध्यात वारा आणि वादळाची चाल एकाच दिशेला. वेगांची बेरीज होते. डावीकडच्या अर्ध्यात वजाबाकी. वारा १०० आणि चाल २० धरली तर ढोबळमानाने एकीकडे १२० आणि दुसरीकडे ८०. शिवाय उजव्या अर्ध्यातला वारा बोटीला ढकलत ढकलत वादळाच्या वाटेवर, त्याच्या तोंडापुढे नेऊन ठेवतो. डाव्या अर्ध्यातला वारा वाटेपासून लांब, वादळाच्या पाठीमागे नेतो. म्हणून बोटीवाले उजव्या भागाला धोक्याचा अर्धा म्हणतात आणि डाव्याला त्यातल्या त्यात बरा.

मुंबईने हे दोन्ही अर्धे लागोपाठच्या दोन वर्षांत बघितले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि ईशान्येकडे गेलं. मुंबई त्याच्या डावीकडे राहिली. त्या दिवशी आमच्या गॅलरीत पाऊस फारसा आलाच नाही, कारण वारा पूर्वेकडून आणि नंतर चाळीच्या मागून, उत्तरेकडून येत होता. उजवीकडे कोण होतं? रत्नागिरी. तिथे 'बसरा स्टार' नावाची टँकर बोट त्याच दिवशी मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतली. खलाशी वाचले, पण बोट काही हलेना. पुढे किती तरी दिवस लोक समुद्राऐवजी तिलाच बघायला जात होते. नंतरच्या वर्षी तौक्ते आलं. ते आपल्या पश्चिमेकडून, समुद्रातूनच उत्तरेला गेलं. उत्तरेकडे तोंड केलं की उजवीकडे कोण? आपण! दोन्ही वादळं मुंबईच्या जवळून गेली, पण एकाने डावी बाजू दाखवली नि एकाने उजवी. तौक्तेच्या दिवशी कुलाब्याला वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला आणि चोवीस तासांत २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तोही मे महिन्यात.

बोटीवर असताना आपण कुठल्या अर्ध्यात आहोत हे कसं ओळखायचं? वाऱ्याचा काटा बघायचा. वारा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरत गेला, पूर्वेकडून दक्षिणेला, मग पश्चिमेला, तर तुम्ही उजव्या अर्ध्यात. उलटा फिरला तर डाव्या. आणि वारा मुळीच फिरत नाहीये, पण वाढत चाललाय आणि दाब उतरत चाललाय, तर कप्तानाच्या पोटात गोळा. कारण बोट वादळाच्या वाटेवर मधोमध उभी आहे.

दाबाचंही एक गुपित आहे. आपल्याकडे हवेचा दाब रोजच दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी नि रात्री दहाच्या सुमाराला वर, पहाटे नि दुपारी चारच्या सुमाराला खाली. तब्येत उत्तम असतानाही! त्यामुळे दाब उतरला म्हणून लगेच बोंब मारायची नसते. त्या तासाला, त्या महिन्यात नेहमी जेवढा असतो त्याच्यापेक्षा ३ मिलिबार (हे दाब मोजायचं माप) खाली गेला तर कान टवकारायचे. ५ खाली गेला, तर वादळ जवळपास आहेच असं धरायचं.

मग बोट वळवायची कशी? उजव्या अर्ध्यात असाल, तर वारा तुमच्या उजव्या गालावर लागेल अशी बोट धरा आणि इंजिनाच्या जोरावर पुढे रेटा. डाव्या अर्ध्यात असाल, तर वारा उजव्या खांद्यामागून लागू द्या आणि पळा. वाटेवर मधोमध असाल, तर वारा जवळजवळ पाठीवर, किंचित उजवीकडे घ्या आणि डाव्या, बऱ्या अर्ध्याकडे सटका. इथे गाल, खांदा, पाठ सगळं बोटीचं, बरं का. लाटांना कूस मात्र द्यायची नाही. गर्दीच्या लोकलमध्ये ब्रेक लागला की एक पाय पुढे, एक मागे ठेवून उभा असलेला माणूस टिकतो आणि पाय जुळवून उभा असलेला शेजाऱ्याच्या जेवणाच्या डब्यात बसतो. बोट लांबीला लांब, रुंदीला अरुंद. लाट समोरून आली तर ती वरखाली होते. कुशीवर आली तर पार आडवी व्हायची भीती.

तुमच्यातल्या हुशार मुलांच्या डोक्यात आता एक शंका आली असेल. माझ्या तर हे लिहिताना आली आणि मी पेन्सिल खाली ठेवली.

तौक्तेच्या दिवशी मुंबईजवळच्या समुद्रात बोट आहे. उजवा अर्धा. वारा आग्नेयेकडून. नियम म्हणतो, वारा उजव्या गालावर घ्या. मग बोटीचं नाक कुठे वळेल? कागदावर करून बघा... पूर्वेला. आणि पूर्वेला काय आहे? आपला किनारा! अलिबाग, कुलाबा, खडक, वाळू. वारा दक्षिणेकडून असेल तर नाक आग्नेयेला, म्हणजे पुन्हा किनाराच. मोकळ्या महासागरात चोख चालणारा नियम आपल्या दारात आला की बोटीला जमिनीवर घेऊन जातो. किनाऱ्याला धरून उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाचा धोक्याचा अर्धा आपल्याच अंगावर असतो, आणि पळायची वाट असते तिथे कोकण आहे.

म्हणून आपल्या समुद्रातल्या बोटींना वादळ आल्यावर चतुराई करून भागत नाही. ते येण्याआधी दोन-तीन दिवस निघावं लागतं. खोल समुद्रात दूर पश्चिमेला, किंवा वादळ पुढे सरकलं की त्याच्या पाठीमागून दक्षिणेला. मालवाहू बोट शांत पाण्यात ताशी पंचवीस-तीस किलोमीटर जाते, म्हणजे वादळापेक्षा जोरात. पण लाटा उंचावल्या की तिचाच वेग निम्म्यावर येतो, आणि शर्यत उलटी होते.

वाट ठरवताना कप्तान वादळाच्या तोंडापुढून आडवा जात नाही. अनंत चतुर्दशीला तुम्ही राजाच्या मिरवणुकीपुढून रस्ता ओलांडायला जाता का? मागच्या गल्लीने जाता. त्यात वादळाने नेमकी वाट कुठे जाहीर केलेली असते? हवामान खातं अंदाज देतं, आणि अंदाज जेवढा लांबचा तेवढा तो चुकू शकतो. त्यासाठी बोटीवाल्यांनी पाठ करायला सोपा हिशेब केलाय, एक-दोन-तीन. उद्याच्या अंदाजाला शंभर सागरी मैलांची चूक धरा, परवाच्या अंदाजाला दोनशे, तेरवाच्या अंदाजाला तीनशे. जोराचा वारा जिथवर पोचेल असं सांगितलंय, त्याच्याही बाहेर एवढी जागा सोडायची. तीनशे सागरी मैल म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून जास्त. मुंबईहून निघालात तर गोवा मागे टाकून कारवारच्याही पुढे जाल! २०१५ मध्ये अमेरिकेची 'एल फारो' ही मालवाहू बोट एका हरिकेनमध्ये बुडाली. (हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच, समुद्र बदलला की नाव बदलतं.) तिच्यावर ३३ माणसं होती. चौकशीत कळलं, कप्तान वादळाची जी माहिती बघत होता ती शिळी होती.

आणि जिला इंजिनच नाही तिने काय करायचं? मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तेलाच्या विहिरी आहेत. तिथे काम करणाऱ्यांच्या राहण्यासाठी मोठमोठे तराफे असतात, त्यांना बार्ज म्हणतात. तौक्तेच्या वेळी 'पी-३०५' नावाच्या बार्जवर २६१ जण होते. बार्जला स्वतःचं इंजिन नसतं, फक्त नांगर. नांगर तुटले, बार्ज वाहत गेली, एका रिकाम्या तेलफलाटावर आपटली, पाणी भरलं आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाली. उजवा गाल, डावा अर्धा, काहीच तिच्या हातात नव्हतं.

त्या दिवशी सगळ्या बोटी वादळापासून लांब पळत असताना एक मात्र उलट, वादळाकडे निघाली. आयएनएस कोची. नौदलाची १६३ मीटर लांबीची युद्धनौका. लोकलचे आठ डबे एकापुढे एक लावा, तेवढी. ती आपल्या माझगाव गोदीत बांधलेली, लालबागपासून काही फार लांब नव्हे. पाठोपाठ आयएनएस कोलकाताही गेली, तीही माझगावचीच. काळोखात, डोंगराएवढ्या लाटांत, लाइफ जॅकेट घालून तरंगणारी माणसं रात्रभर शोधून काढायची आणि जाळ्यांना धरून वर घ्यायची. त्यांनी आणि मदतीला आलेल्या इतरांनी १८० हून जास्त जणांना वाचवलं. बाकीचे परत आले नाहीत.

१८८८ मध्ये तर मदतीला हाक मारायचीच सोय नव्हती. त्या नोव्हेंबरात 'वैतरणा' नावाची आगबोट कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला यायला निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते. त्या काळी केवढी नवलाई! म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणायचे. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ती वादळात सापडली आणि सातशेहून जास्त माणसांसकट नाहीशी झाली. बिनतारी यंत्र अजून निघालंच नव्हतं. दिवे होते, पण 'पुढे वादळ आहे' एवढं तिला सांगणार कसं? आणि तसं बघितलं तर मुंबईतली कुलाब्याची वेधशाळा तेव्हा साठ वर्षांहून जुनी होती. १८२६ ची ती. बंदरातल्या बोटींना अचूक वेळ मिळावी म्हणून तिची सुरुवात झाली.

चला, आता चकती. वहीच्या जुन्या प्लास्टिक कव्हराचा वाटीएवढा गोल कापा. (शिंग शोधत हिंडू नका.) मध्ये ठिपका द्या, हा वादळाचा डोळा. तिथे वारा पडतो, कधी कधी आकाशही दिसतं, पण लाटा चहूकडून येऊन आदळतात, म्हणून कुणी सुखासुखी तिथे जात नाही. ठिपक्याभोवती मार्करने तीन रिंगणं काढा आणि त्यांवर घड्याळाच्या काट्यांच्या उलट बाण. शाळेच्या नकाशासंग्रहात अरबी समुद्राचं पान उघडा. मुंबईवर दाण्याएवढी कागदी होडी ठेवा. भावाने म्हणायचं, "वारा दक्षिणेकडून!" तुम्ही चकती सरकवायची, होडीखालचा बाण दक्षिणेकडून उत्तरेला जाईपर्यंत. मध्य कुठे आला? पश्चिमेला, समुद्रात. मग भावाने वारा थोडा थोडा फिरवायचा आणि तुम्ही वादळाचा माग काढत जायचं. आमच्याकडे ह्या खेळात आजी जिंकते, कारण ती होडी आधीच उचलून मस्कतला नेऊन ठेवते.

तुमची मावशी-आत्या मॉरिशसला असेल तर? तिथेही मराठी घरं आहेत, दीडशे वर्षांहून जुनी. पण ते बेट दक्षिण गोलार्धात, तिथे वादळ घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. तिथल्या मुलांनी वाऱ्याकडे तोंड करून डावा हात पसरायचा. त्यांच्यासाठी वेगळी चकती करत बसू नका. केलेली आहे तीच उलटी करा. प्लास्टिक आरपार दिसतं ना? बघा बाण कुठल्या बाजूला फिरायला लागले ते!